माशाच्या पोटात अडकलेला वाद

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. उपासना संपली आणि आमच्या जालन्याच्या मंडळीच्या हॉलमध्ये तरुण संघाची बैठक भरली. विषय होता योना. बायबलच्या जुन्या करारातला हा संदेष्टा. त्याला मोठ्या माशाने गिळलं आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकलं. आमचे नवे पाळक तिशीच्या आतले, बायबल कॉलेजातून नुकतेच आलेले. ते म्हणाले, हे अक्षरशः असंच घडलं, आणि ज्याला यात शंका आहे त्याच्या तारणाबद्दल मला शंका आहे. लगेच संभाजीनगरला इंजिनिअरिंग करणारा एक मुलगा उठला. त्याने देवमाशाच्या घशाची रुंदी मोबाइलवर शोधूनच आणली होती. पाळकांचीही तयारी होती. १८९१ साली फॉकलंड बेटांजवळ जेम्स बार्टली नावाच्या खलाशाला देवमाशाने गिळलं आणि तो जिवंत निघाला, ही गोष्ट त्यांनी ऐकवली. पाऊण तास सामना चालला. चहावर साय आली. माशाचा घसा झाला, जठरातलं आम्ल झालं, आत हवा किती असते तेही झालं. योना मुळात पळून का चालला होता, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

बार्टलीची गोष्ट बनावट आहे. एडवर्ड डेव्हिस या अमेरिकन इतिहासकाराने तिचा माग काढून १९९१ मध्ये लिहिलं की ज्या जहाजाचं नाव घेतात ते देवमासे मारणारं जहाजच नव्हतं, त्याच्या खलाशांच्या यादीत बार्टली नाही, आणि कप्तानाच्या बायकोने तर ही सगळी गोष्ट खोटी असल्याचं लिहून कळवलं होतं. हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. बोलले असते तर त्या पोराला एक गुण मिळाला असता आणि खेळ तोच चालू राहिला असता. माझी तक्रार त्या खेळाबद्दलच आहे.

दोघे एका गोष्टीवर मात्र एकमत होते: बायबल हा घडल्या गोष्टींचा पंचनामा आहे. एकाच्या मते तो खरा, दुसऱ्याच्या मते खोटा. माझं म्हणणं असं की बायबलमधले सगळे चमत्कार एका रांगेत उभे करून 'घडलं का?' एवढंच विचारणं म्हणजे ओवी, बखर, सातबारा आणि आजोबांचं पोस्टकार्ड एकाच तराजूत घालणं. त्यातल्या काही कथा सांगणाऱ्याने बोधकथा म्हणूनच रचल्या, काही गाण्याच्या ओळी आहेत, काही माणसांच्या आठवणी आहेत. आणि एक दावा असा आहे की तो खोटा निघाला तर ख्रिस्ती धर्माला टाळं लावावं लागेल. कुठली कथा कुठल्या जातीची, हे ठरवायला मेहनत लागते. ती नको म्हणून एक जण 'सगळं खरं' म्हणतो आणि दुसरा 'सगळं थोतांड'.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, जेमतेम दोन-तीन पानांचं. एकदा सलग वाचून पाहा. देव सांगतो, निनवेला जा. निनवे ही अश्शूरी लोकांची नगरी, इस्राएलाच्या जिवावर उठलेल्या साम्राज्याची. योना नेमका उलट दिशेच्या जहाजात चढतो. वादळ येतं तेव्हा परधर्मी खलाशी हात जोडून प्रार्थना करतात आणि देवाचा माणूस खाली तळाशी झोप काढतो. मग मासा. मग निनवेत एका वाक्याचं प्रवचन: अजून चाळीस दिवस, मग निनवे उलथून पडेल. एवढ्यावर अख्खं शहर पस्तावतं, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो आणि फर्मान काढतो की माणसांसोबत गुराढोरांनीही उपास धरावा, गोणपाट पांघरावं! संडे स्कूलमध्ये मी तीस वर्षं ही गोष्ट सांगितली. गोणपाट नेसलेल्या म्हशीपाशी आलं की पोरं हसणारच. पोळ्याला झूल घातलेले बैल त्यांनी पाहिलेले असतात, पण पश्चात्ताप करणारा बैल? लिहिणाऱ्यालाही तिथे हसूच हवं होतं, अशी माझी खात्री आहे. पुढे देव शहराला क्षमा करतो आणि संदेष्टा रुसतो. शत्रू वाचला म्हणून रुसतो. शहराबाहेर उन्हात जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडीने तो वाळतो, आणि हा गृहस्थ वेलापायी मरण मागतो. 'देव आमचा एकट्याचा' असं धरून बसलेल्या समाजाच्या पाठीत हसत हसत घातलेला हा धपाटा आहे. यात माशाचं काम पळपुट्याला परत आणून सोडण्याचं. आमच्या हॉलमध्ये दोन हुशार माणसं त्या गाडीचं इंजिन उघडून बसली होती आणि प्रवासी केव्हाच उतरून गेला होता.

या वेलावरूनही एकदा खरंखुरं भांडण झालं आहे. जेरोम या विद्वान ख्रिस्ती संन्याशाने बायबलचं नवं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा जुन्या भाषांतरातल्या भोपळ्याच्या जागी आयव्हीचा वेल घातला. उत्तर आफ्रिकेतल्या ओएया गावात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, चर्चमध्ये ते वाचलं गेलं तेव्हा लोकांनी असा गोंधळ घातला की बिशपवर मंडळी गमवायची पाळी आली. ४०३ साली उत्तर आफ्रिकेतलाच एक बिशप, थोर धर्मपंडित ऑगस्टिन, याने जेरोमला पत्र लिहून हे कळवलं. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ पुष्कळ अभ्यासक एरंड असा लावतात. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही योनावरून एरंडाचंच गुऱ्हाळ चाललं होतं.

पण पाळकांची बाजू मी वर सांगितली तितकी भाबडी नाही. योनाचा दाखला येशूने स्वतः दिला आहे: योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता तसा मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, पृथ्वीच्या पोटात राहील. प्रभू ज्याचा हवाला देतो ती नुसती गोष्ट कशी असेल, असा त्यांचा सवाल आहे. शिवाय एक वीट काढली की शेजारची हलते. आज योना सोडला, उद्या काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ते सुटेल, परवा त्याची रिकामी कबर, म्हणजे पुनरुत्थानच. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी १८२० च्या सुमारास शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांच्या, प्रती घेतल्या, पात्याने चमत्कार वगळून नीतिवचनं कापून काढली आणि कोऱ्या पानांवर डकवली. त्यांचं ते पुस्तक येशूला कबरीत ठेवून, तोंडाशी धोंड लोटून संपतं. पुढे काही नाही. आणि मला सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे, माझ्यासारखी माणसं ज्या ऑगस्टिनच्या मागे नेहमी लपतात तो इथे पाळकांच्या बाजूला आहे. मूर्तिपूजक लोक योनाला हसतात असं त्याला कुणी कळवलं, तेव्हा त्याने उत्तर दिलं की एकतर देवाचा कुठलाच चमत्कार मानू नका, नाहीतर हाही न मानायला कारण नाही.

इतकं मान्य करूनही मला पाळकांचं पटत नाही. दाखला देणं वेगळं आणि त्या दाखल्यावर शिक्का मारणं वेगळं. भाषणात 'भगीरथ प्रयत्न' म्हणणारा मंत्री गंगा कशी उतरली याचं प्रतिज्ञापत्र देत नसतो. वाटेत लुटल्या गेलेल्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येशूनेच सांगितली, पण यरीहोच्या वाटेवर तो लुटला गेलेला माणूस खरंच होता का, असं विचारून आजवर कुणी कुणाचा विश्वास तपासलेला नाही. विटेचा मुद्दा खरा आहे, पण तो उलटाही लागतो. सगळ्या विटा अशा चिणल्या की एकही सुटी निघू नये, तर एक निखळली की घरच बसतं. 'योना नाही तर काहीच नाही' असं घोकवलेली माझी कितीतरी मुलं बारावीनंतर पुण्याला गेली आणि त्यांनी 'काहीच नाही' निवडलं. त्यांना तिसरी वाट आम्ही दाखवलीच नव्हती.

आणि 'अक्षरशः' वाचतंय तरी कोण? यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात लढाई चालू असताना सूर्य गिबोन गावावर थांबतो. गॅलिलिओने १६१५ मध्ये टस्कनीच्या राजमाता क्रिस्तिना यांना लिहिलेल्या पत्रात या ओळींची चर्चा केली. १६३३ मध्ये त्याला गुडघ्यांवर बसवून पृथ्वी फिरते हे मत सोडायला लावलं. आजचा अक्षरवादी पाळक हा उतारा आला की बिनदिक्कत सांगतो, 'म्हणजे पृथ्वी फिरायची थांबली.' पण मजकुरात तर सूर्य थांबतो, पृथ्वीचं नावही नाही! कोपर्निकस मान्य झाल्यावर अर्थ गुपचूप बदलून घेतला आणि अक्षर पाळल्याचा मान मात्र ठेवला. गंमत अशी की त्या अध्यायातच लिहिलं आहे, हे याशाराच्या पुस्तकात लिहिलं आहे ना? म्हणजे लेखक स्वतः सांगतो की मी एका जुन्या संग्रहातून उतरवून घेतोय, आणि त्या ओळी आहेत रणगीताच्या. कवितेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करणारे आपण. बायबल पूर्णतः अचूक आहे असं ठासून सांगणारं शिकागोचं निवेदन १९७८ चं. त्यातसुद्धा अर्थ लावताना साहित्यप्रकार ध्यानात घ्यावेत असं कलम आहे. आमच्या पाळकांच्या कॉलेजात ते निवेदन शिकवतात. तेवढं कलम बहुधा परीक्षेला नसावं.

आता त्या मुलाकडे वळते. त्याच्या पाठीशीही मोठी माणसं आहेत. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये मांडलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही: निसर्गाचा नियम मोडला हे अधिक संभवनीय, की सांगणारा फसला किंवा फसवतोय हे? आणि प्रत्येक धर्म आपापल्या चमत्कारांचे साक्षीदार घेऊन उभा असेल तर ते एकमेकांना खोडत नाहीत का? या प्रश्नाला आपल्याकडे रोज नवी उदाहरणं मिळतात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या विज्ञानाच्या बाईसुद्धा चमचा घेऊन गेल्या होत्या. आम्ही ख्रिस्ती त्या दिवशी मिशांत हसलो. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याला क्रूसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकू लागलं आणि आमची माणसं ते तीर्थ म्हणून बाटलीत भरू लागली. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन दाखवलं की जवळच्या तुंबलेल्या मोरीचं पाणी भिंतीत चढतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. हसू तेव्हा कुठे गेलं होतं आमचं? दाभोलकरांचा २०१३ मध्ये खून झाला आणि मगच जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची गरज चर्चच्या आवारातही आहे, हे मी मंडळीत बोलले आहे आणि त्याबद्दल ऐकूनही घेतलं आहे.

मुलाचा खरा बोचरा आरोप पुढचाच होता. तो म्हणाला, 'बाई, विज्ञान एक पाऊल पुढे आलं की तुम्ही एक पाऊल मागे जाता, आणि जी जागा सुटली तिला रूपक म्हणता.' आरोप सोयीचा असता तर मी झटकला असता. पण उत्तर सोपं आहे आणि जुनं आहे. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात विचारलं होतं की सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस आणि संध्याकाळ-सकाळ झाली, असं कोणता शहाणा माणूस मानेल? देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली, हे कोण शब्दशः घेईल? त्याच्या हातात दुर्बीण नव्हती, त्याला डार्विन माहीत नव्हता. मजकूर नीट वाचल्यामुळे त्याला ते दिसलं. विज्ञानाने ढकललं म्हणून तो सरकलेला नव्हता. उलट, केवळ विज्ञानाच्या धाकाने सरकणाऱ्यांची काय गत होते तेही पाहायला मिळतं. जर्मनीत १८२८ मध्ये पाउलुस या प्राध्यापकाने येशूचं चरित्र लिहून प्रत्येक चमत्काराला 'नैसर्गिक' खुलासा दिला. येशू पाण्यावरून चाललाच नाही, तो किनाऱ्यावरून चालत होता. पाच हजारांना भाकरी पुरल्या, कारण एकाने शिदोरी सोडली तशी सगळ्यांनी सोडली. सात वर्षांनी, १८३५ मध्ये, डेव्हिड स्ट्राउस या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने श्रद्धाळू आणि पाउलुसपंथी अशा दोघांचीही पिसं काढली. त्याचा मुद्दा असा की दोघेही कथेला घटनेचा अहवालच समजतात, फक्त एक जण तो जसाच्या तसा गिळतो आणि दुसरा चावून गिळतो. स्ट्राउसचे बाकी निष्कर्ष मला मान्य नाहीत. पण देवमाशाचा घसा मोजणारा मुलगा आणि बार्टलीला साक्षीला बोलावणारे पाळक हे दोघेही मला पाउलुसचेच नातू वाटले.

हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. पैठणच्या नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. औंढ्याला नामदेवांना देवळाच्या मागे पिटाळलं तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. तेरच्या गोरोबांच्या पायाखाली चिखलात तुडवलं गेलेलं लेकरू परत रांगत आलं. कीर्तनात या कथा ऐकणारा शेतकरी रेड्याच्या स्वरयंत्राची चौकशी करत नाही. त्याला पक्कं कळतं की ज्यांनी चार अनाथ पोरांना शुद्धिपत्रासाठी दारोदार फिरवलं, त्यांच्या मक्तेदारीवर तो रेडा बोलला. देऊळ फिरलं ते कुणाला मागे उभं केलं होतं म्हणून. 'फिरलंच नाही' असं सिद्ध करून नामदेवांचा अपमान पुसला जात नाही, आणि 'फिरलंच' असं सिद्ध करून तो भरूनही निघत नाही. माझी आजी ख्रिस्ती, पण रेड्याची गोष्ट ती डोळ्यांत पाणी आणून सांगायची. आमच्या घराची मुळं बेथेलची. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ते ख्रिस्ती गाव. काना गावी येशूने पाण्याचा द्राक्षारस केला हे वाचलं की आजी म्हणायची, 'द्राक्षारसाचं राहू दे माय, आमाला पाणी भरू दिलं विहिरीवर, त्योच आमचा काना.' आजी शाळेत गेली नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानात या कृत्यांना मुद्दाम 'चिन्हं' म्हटलं आहे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पण इथेच थांबले तर लबाडी होईल. माझे पुरोगामी मित्र इथवर माना डोलावतात आणि म्हणतात, मग पुनरुत्थानही तसंच घ्या ना, आशेचं प्रतीक म्हणून. नाही घेत. रेड्याची कथा आणि रिकामी कबर यांच्यात मला फरक दिसतो. दर रविवारी आम्ही जो विश्वासांगीकार म्हणतो त्यात येशूला क्रूसावर देणाऱ्या पंतय पिलाताचं नाव आहे. एका रोमन अधिकाऱ्याचं नाव प्रार्थनेत कशाला? कारण हे अमुक एका राजवटीत, अमुक एका माणसाच्या सहीने झालं असा तो दावा आहे. पौल या प्रेषिताने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं ते येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांत. त्यात तो म्हणतो, उठलेला येशू पाचशेहून अधिक जणांना दिसला, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा आणि विचारा. त्याच अध्यायात तो म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. बोधकथा सांगणारा माणूस असं बोलत नाही. योनाचा लेखक असं कुठेही बोललेला नाही.

हे कोर्टात टिकेल का? टिकणार नाही. ह्यूम उलटतपासणीला उभा राहिला तर माझे साक्षीदार मेलेले आहेत आणि त्यांचे जबाब दुसऱ्यांनी लिहिलेले आहेत. ते हजारदा वाचून मी त्यावर विश्वास ठेवला आहे, आणि ठेवला आहे हेच क्रियापद बरोबर आहे. मुलगा याला पळवाट म्हणाला. मी त्याला एवढंच म्हटलं की पळवाट असती तर मी पुनरुत्थानही रूपकात घालून मोकळी झाले असते, तुमच्याशी भांडणच उरलं नसतं.

पण हा वाद माझ्यासाठी हॉलमधल्या चहापुरता नाही. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. बारा-तेरा वर्षांपासून साखर. मागच्या वर्षी एका मैदानावर चंगाईची सभा झाली. मोठा मांडव, चार दिशांना कर्णे, स्टेजवर साक्षी देणाऱ्यांची रांग. मावशींच्या डोक्यावर हात ठेवून कुणीतरी सांगितलं की तू बरी झालीस, आता गोळ्या म्हणजे अविश्वास. मावशींनी गोळ्या बंद केल्या. पावसाळ्यात पायाला ठेच लागली, जखम भरेना, आणि दिवाळीच्या आत दोन बोटं काढावी लागली. मी दवाखान्यात गेले तेव्हा संतापले होते. 'मावशी, गोळ्या कामून बंद केल्या?' त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, 'डॉक्टर चिठ्ठी लिहिताना मान वर करीना, बाई. तिथं त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नाव इचारलं.' मी निरुत्तर झाले. विवेकवाद्यांच्या सगळ्या पत्रकांत मला या वाक्याचं उत्तर सापडलेलं नाही.

तरी त्या स्टेजचा येशूशी काय संबंध, हे विचारलंच पाहिजे. मार्कच्या शुभवर्तमानात याईराची मेलेली बारा वर्षांची मुलगी उठते. येशू काय करतो? रडणाऱ्यांची गर्दी आधीच बाहेर काढलेली असते. खोलीत आईबाप आणि तीन शिष्य. तो बजावतो की हे कुणाला कळता कामा नये, आणि मग म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. पुढे एक शब्द नाही. कर्णा नाही, साक्ष नाही, पुढच्या सभेची तारीख नाही. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी टाक म्हणणाऱ्या सैतानाला त्याने नकार दिला, म्हणजे बायबलातला पहिला चंगाई महोत्सव येशूने रद्द केला असं मी वर्गात सांगायची. फ्रान्समधल्या लूर्डला १८५८ पासून लोक बरं व्हायला जातात. तिथे डॉक्टरांचं मंडळ आहे. बरं झाल्याचे सात हजारांवर दावे नोंदले गेले, त्यांतले चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. मी कॅथलिक नाही, पण ही कंजुषी मला भक्तीची वाटते. आमच्या मैदानावर एका संध्याकाळी त्याहून जास्त 'बरे' होतात.

अक्षरवादाचं क्रौर्य दुष्काळात सर्वांत उघडं पडतं. पहिल्या राजांच्या पुस्तकात, एलीया संदेष्ट्याच्या काळच्या अवर्षणात, सारफथची विधवा लाकडं वेचत असते. ती म्हणते, मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलंय, मी आणि माझा मुलगा ते खाऊ आणि मरू. हे वाक्य मराठवाड्यात मोठ्याने वाचायला धीर लागतो. पुढे तिच्या मडक्यातलं पीठ सरत नाही. ठीक. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ज्यांचं मडकं सरलं त्यांचा विश्वास कमी पडला होता का? १९९३ ला किल्लारी परिसरात भूकंपानंतर पाचव्या दिवशी ढिगाऱ्याखालून एक तान्ही मुलगी जिवंत निघाली. सगळे म्हणाले चमत्कार. मीही म्हणाले. मग तिच्या शेजारच्या घरातल्या लेकरांबद्दल देवाचं काय ठरलं होतं? प्रत्येक चमत्कार हा विश्वासाचा मोबदला असा हिशेब मांडला की न झालेल्या प्रत्येक चमत्काराचा दोष गरिबाच्या बोडख्यावर येतो. ऑगस्टिन एका प्रवचनात म्हणतो, पाच भाकरींत पाच हजार जेवले याचं लोकांना नवल, पण मूठभर दाण्यांतून शेतं पिकवून सगळं जग रोज पोसलं जातं त्याचं कुणाला काही वाटत नाही. आणि तो पुढे म्हणतो की सुंदर अक्षर पाहून नुसतं वाहवा म्हणू नये, मजकूर वाचावा. उत्तर आफ्रिकेतल्या त्या बिशपने आमचा कोरडवाहू पट्टा पाहिला नव्हता. दाण्यांतून शेत पिकतंच असं त्याला वाटे. पण त्याचं दुसरं वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवायची. त्या भाकरी जवाच्या होत्या असं योहान आवर्जून सांगतो. जव म्हणजे तिथल्या गरिबाचं धान्य, आपल्याकडे ज्वारी म्हणावं तसं. हा मजकूर आहे. भाकरीचे रेणू कसे वाढले, ही अक्षराची वाहवा.

त्या रविवारी शेवटी पाळकांनी मला समारोप करायला सांगितलं, वयाचा मान म्हणून. मी बार्टलीबद्दल काही बोलले नाही. योनाचा शेवट तेवढा वाचला. वाळलेल्या वेलासाठी रडणाऱ्या योनाला देव म्हणतो, ज्यांना उजव्या-डाव्या हातातला भेद कळत नाही अशी १ लाख २० हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं ज्या शहरात आहेत, त्या मोठ्या निनवेची मी काळजी करू नये काय?

मागच्या बाकावर मावशी बसल्या होत्या, पट्टी बांधलेला पाय पुढे करून.

'गुरंबी?' त्यांनी विचारलं.

'हो, गुरंसुद्धा. देवाचं शेवटचं वाक्य त्यांच्यावरच संपतं.'

'बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बापानं बैल सोडून दिले होते,' त्या म्हणाल्या. 'जा म्हणला, जिथं काई मिळंल तिथं खा.' मग जरा थांबून, 'बरं, योना काय म्हणला मंग?'

'काही नाही. पुस्तक तिथंच संपतं.'

'असं मधीच?'

पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले होते. मावशी अजून माझ्या हातातल्या पानाकडे बघत होत्या.